बारदान वजा जाता

चहा आधी घ्या. मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तो तुमच्या घशाखाली उतरेल, याची हमी मी देत नाही. सांगताना मला लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच सांगतो. चौतीस वर्षे मुलांना वर्गात उभे करून मी त्यांच्या चुका त्यांच्याच तोंडून वदवून घेतल्या. एकदा स्वतः उभे राहायला नको?

माझी सून अश्विनी घरी केक करते. आमच्या वाशीसारख्या लहान गावातही आता मुलाचा पहिला वाढदिवस केकवाचून होत नाही. हे बरे की वाईट, असे मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते.

केक उत्तम होतो. दोष एकच होता. तिला दर सांगता येत नसे. "किती द्यायचं गं?" असे कोणी विचारले की ही म्हणे, "द्या की काकू, तुम्हाला वाटंल ते." आणि काकूंना फार थोडे वाटे! एका बाईंनी अर्ध्या किलोच्या केकबद्दल वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणून दिली. चटणी चांगली होती, मी ती खाल्ली. पण चटणी दाखवून दुकानदार लोणी देतो का? शेजारच्या एकीला तर पावच किलोचा केक हवा असे. पाव किलोसाठीही ओव्हन तेवढाच तापवावा लागतो, हे तिला कोण सांगणार? तो ओव्हन अश्विनीने स्वतः साठवलेल्या पैशातून घेतला होता. पैन् पै त्यात गेली होती.

एक दिवस ती म्हणाली, "अप्पा, गावात तुमचा शब्द चालतोय. तुम्हीच दर लिहून द्या. मला कुणाच्या तोंडावर नाही म्हणायला जमत नाही."

आयुष्यभर फळ्यावर सुविचार लिहिलेल्या माणसाला याहून मोठे निमंत्रण कोणते? मी स्नान केले, देवापुढे बसलो आणि ठळक अक्षरांत लिहिले: किमान एक किलो. दर किलोस सहाशे रुपये. घासाघीस नाही.

इथेच थांबलो असतो, तर आज आपण दुसऱ्या कशावर तरी बोलत असतो. पण मी चौथी ओळ लिहिली: माप डोळ्यांदेखत.

याचे कारण सांगितले पाहिजे. माझे वडील आडतीवर तोलार होते. शेतकऱ्याचे धान्य त्यांच्या हातून तोलले जाई आणि त्यांच्या मापावर कोणी कधी बोट ठेवले नाही. त्यांचा तराजू अजून आमच्या घरी आहे. दसऱ्याला त्याची पूजा होते.

"अप्पा, केक मी करतानाच मापते," अश्विनी म्हणाली. "माझ्याकडं छोटा काटा हाय."

"तू मापतेस. घेणाऱ्याने पाहिले का?"

"केक असा पारड्यात घालत नसतेत, अप्पा. नाजूक असतोय."

"सत्य नाजूक नसते," मी म्हणालो. वाक्य मला फार आवडले.

दरपत्रक दाराशी लागले आणि पहिल्याच आठवड्यात नंदाबाई आल्या. नंदाबाई म्हणजे आमच्या आळीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष. गटात वीस बायका. नंदाबाईंनी चांगले म्हटले की वीस घरांत ते चांगले, आणि त्यांनी नाक मुरडले की वीस नाके मुरडली! अश्विनीने मला आधीच हात जोडून सांगितले होते, "अप्पा, ह्या एका ऑर्डरीवर माझं सगळं हाय. वीस घरं आली तर ओव्हन रोज चालंल. न्हाय तर विकून टाकावा लागंल बघा."

नंदाबाई ओट्यावर टेकल्या. "गुरुजी, नातीचा पैला वाढदिवस हाय. अर्धा किलोचा सांगा."

"किमान एक किलो."

"अवो, पोरीला दात चार! किलोभर केक तिनं खायचा का म्या?"

"नियम सर्वांना सारखा आहे."

"बरं, सहाशेत काय कमी?"

मी बोटाने तिसरी ओळ दाखवली. नंदाबाईंनी ती वाचली, चौथीही वाचली, आणि पदर खोचला.

"ठीक हाय. पर गुरुजी, किलो म्हंजी किलो बरं का! पैसं किलोचं, तर माप बी किलोचं. कमी भरला तर गटात सांगीन."

"बाई, या घरात माप कमी भरत नाही!" माझा आवाज चढला. दारात उभ्या अश्विनीने डोळे मिटून घेतले. मला वाटले, सासऱ्याचा अभिमान वाटून मिटले असतील.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी केक तयार झाला. गुलाबी, कडेने फुले, मध्ये 'स्वरा' हे नाव. अक्षर सुबक होते, मी पाहून घेतले. अश्विनी मेणबत्ती आणायला चौकात निघाली. जाताना म्हणाली, "त्या आल्या तर बसवा. पाणी द्या. केकला हात लावू नका."

तीन सूचना होत्या. पहिल्या दोन मी पाळल्या.

नंदाबाई आल्या, सोबत त्यांची जाऊ शालन. पाणी झाले. मी तराजू पुढे ओढला, पारडे धुऊन पुसले आणि केक पुठ्ठ्यासकट त्यात ठेवला. दुसऱ्या पारड्यात किलो. केकचे पारडे खाली गेले. शंभर ग्रॅमचे वजन टाकले, तेव्हा काटा मधोमध आला.

"अकराशे ग्रॅम," मी म्हणालो. "झुकते माप. या घराची रीत."

"भरला की वो!" नंदाबाई खूश झाल्या. त्यांनी डब्यासाठी हातही पुढे केला. सगळे संपले होते. सगळे चांगले संपले होते!

तेवढ्यात शालन म्हणाली, "पुठ्ठा धरून का गुरुजी?"

"म्हणजे?"

"न्हाय, आमचं सोयाबीन आडतीला घालतो तवा बारदान वजा करत्यात. पोत्याचं वजन धरत न्हाईत. पुठ्ठा म्हंजी बारदानच की."

तोलाराच्या मुलाला, त्याच्याच ओट्यावर, त्याच्याच तराजूपुढे कोणीतरी बारदानाची आठवण करून द्यावी! माझ्या कानशिलात मारली असती तरी इतके लागले नसते. पुठ्ठा केकच्या भावाने विकणे म्हणजे चोरीच नव्हे का?

"वजा करू," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी, ती आपली उगंच..." नंदाबाई म्हणाल्या.

"राहू कसे द्यायचे?"

मी स्वयंपाकघरातून दोन उलथणी आणली. खंडेरायाचे नाव घेतले. दोन्ही बाजूंनी केकखाली घातली आणि उचलले. केक वर आला, पण सगळा आला नाही. खालचा थर पुठ्ठ्याशी एकनिष्ठ निघाला. मधून एक चीर गेली. पारड्यात ठेवताना पाच फुले साखळीला लागली आणि 'स्वरा'मधला 'रा' माझ्या बाहीवर आला.

"अगं बया!" शालन म्हणाली.

मी काट्याकडे पाहत होतो. न्याय करताना इकडे तिकडे पाहू नये. काटा थरथरला, थांबला. साडेआठशे ग्रॅम.

माप कमी भरले होते! या घरात!

"दीडशे ग्रॅमची तूट आहे," मी म्हणालो. "भरून देतो."

"काय बी नको गुरुजी! हाय असा द्या, पोरगी तिकडं नवा झगा घालून बसलीय!"

पण मी ऐकतो काय? फ्रिजमध्ये दुसरा केक होता, चॉकलेटचा. मी सुरी घेतली, त्याची एक फोड कापली आणि ती काळी फोड त्या गुलाबी केकच्या डोक्यावर ठेवली. काटा मधोमध आला.

"भरला," मी म्हणालो.

केक एखाद्या जखमी माणसाने डोक्यावर टेंगूळ घेऊन बसावे तसा पारड्यात बसला होता.

अश्विनी दारात आली तेव्हा तिच्या हातात मेणबत्तीची पुडी होती. तिने पारड्याकडे पाहिले, माझ्या बाहीकडे पाहिले, मग उघड्या फ्रिजकडे पाहिले.

"अप्पा, तो डॉक्टरांचा होता. उद्याचा."

आता तुम्हीच सांगा, एकीचे माप भरावे म्हणून दुसऱ्याच्या मापातून काढणाऱ्याला काय म्हणतात? मी वर्गात हा प्रश्न विचारला असता तर शेवटच्या बाकावरच्याने उत्तर दिले असते.

"माप कमी भरत होते," मी म्हणालो.

तिने ओट्यावरचा पुठ्ठा उचलून माझ्यापुढे धरला. त्यावर बोटभर जाडीचा थर चिकटलेला होता. "हे बघा तुमचे दीडशे ग्रॅम. पुठ्ठा शंभराचा. केक बरोबर किलो होता."

नंदाबाईंना इतका वेळ दाबलेले हसू आवरेना. फळीवर कोऱ्या पुठ्ठ्यांची चळत होती, तिच्याकडे त्यांनी हात केला. "अवो गुरुजी, बारदान मापायला भरलं पोतं कुणी वततं का? रिकामं पोतं मापत्यात की!"

वडील तेच करीत. रिकामे पोते पारड्यात टाकीत. मी लहानपणी हजार वेळा पाहिले होते. शालनने तोंडाला पदर लावला.

अश्विनीने डॉक्टरांचा केक घेतला, कापलेल्या जागी क्रीम भरले, त्यावर 'स्वरा' लिहिले आणि डबा नंदाबाईंच्या हातात दिला. "काकू, पैसे नकोत." मी खाली पाहत होतो.

"नको कसं? पोरी, तुझं कष्ट हायत," नंदाबाई म्हणाल्या आणि सहाशे रुपये ओट्यावर ठेवून गेल्या. डॉक्टरांसाठी अश्विनी पुन्हा कणीक चाळायच्या चाळणीने मैदा चाळू लागली.

नंदाबाईंनी गटात सांगितलेच. वीसही जणींना सांगितले. आणि वीसही घरे आली! केक चांगला झाला होता म्हणून आली, की तोलार गुरुजींना पाहायला आली, हे मी विचारले नाही. ओव्हन आता रोज तापतो.

दरपत्रक अश्विनीने स्वतः नव्याने लिहिले. किमान अर्धा किलो. दर तोच. घासाघीस नाही, ही माझी ओळ तिने ठेवली. चौथ्या ओळीच्या जागी लिहिले: केक सायंकाळी सहा ते सात या वेळेत न्यावा.

"हीच वेळ का?" मी विचारले.

ती खाली पाहत म्हणाली, "सहा ते सात मारुतीच्या देवळात हरिपाठ असतोय, अप्पा. तुम्ही जात जावा."

मी रोज जातो. पहिल्या रांगेत बसतो. परवा एक वृद्ध गृहस्थ माझ्या पाया पडले. म्हणाले, "गुरुजी, अलीकडं तुमची भक्ती लई वाढली!"

देवळात खोटे बोलवत नाही, आणि खरे सांगवत नाही. मी डोळे मिटले आणि टाळ जोरात वाजवला.