चाकं लावलेली खोली

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ताई तिच्या पाठीला धरून तिला एकदा गदगदा हलवायच्या. खुर्ची दवाखान्यातली असो, लग्नाच्या हॉलमधली असो, नाहीतर आमच्या घरातली. हलवून झालं की निकाल. "हलतेय." किंवा "चालेल."

एकदा कंपनीत साहेबांच्या केबिनमध्ये नवं टेबल आलं. ताई सही घ्यायला आत गेल्या आणि सवयीनं टेबलाला हात घातला. पेनस्टँड आडवं झालं, चहा सांडला.

"साहेब, टेबल हलतंय," ताई म्हणाल्या.

"तुम्ही हलवताय म्हणून हलतंय, ताई," साहेब फाइल झटकत म्हणाले.

"समुद्र काय वेगळं करतो, साहेब?"

यात दोष ताईंचा नव्हता, धंद्याचा होता. चाकणच्या आमच्या कंपनीत मशीनचे भाग परदेशी पाठवायच्या लाकडी पेट्या बनतात. पेटी बोटीत चढते, आठवडेच्या आठवडे समुद्रावर हिंदकळते, आणि तरी आतला भाग जागचा हलता कामा नये. ताईंनी सगळी नोकरी हेच पाहण्यात घालवली. त्या पेट्या जोडणाऱ्यांच्या सुपरवायझर, मी बिलिंगला. दोघी दिघीच्या. एकाच स्टॉपवरून कंपनीची बस पकडायचो आणि मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की जगाची उणीदुणी काढायचो. त्या माझ्याहून पुष्कळ मोठ्या. त्यांना नाव होतं, पण कंपनीपासून गल्लीपर्यंत कुणी ते वापरत नसे. मग मीही इथं ताईच म्हणते.

एकदा एका नव्या मुलीनं बसमध्ये विचारलं, "ताई, तुम्ही लग्न का नाही केलं?" आजूबाजूच्या सीटवरच्या माना वळल्या.

"स्थळं आली होती की," ताई म्हणाल्या. "सगळी हलत होती."

त्यांचं घर म्हणजे वडिलांनी कंपनीच्या नोकरीवर बांधलेल्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे बऱ्यापैकी अंगण. एका खोलीत धाकटा भाऊ आणि वहिनी, दुसरीत भाचा. ताई स्वयंपाकघरात झोपायच्या. हे कुणी त्यांच्यावर लादलं नव्हतं. भाऊ भला माणूस. भाचा लहान असताना तात्पुरती म्हणून सोय झाली आणि तात्पुरत्या सोयीला आपल्याकडे मरण नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तुम्ही कधी स्वयंपाकघरात झोपणारं माणूस पाहिलंय? ते सगळ्यांत शेवटी झोपतं, कारण शेवटचं पातेलं घासून होईपर्यंत त्याची जागा मोकळी होत नाही. आणि सगळ्यांत आधी उठतं, कारण पहिला चहा त्याच्या उशाशीच उकळतो.

असो. एका सोमवारी ताईंनी बसमध्ये जाहीर केलं, "मी ट्रेलर बांधतेय."

मला वाटलं सिनेमाचा. त्यांनी फोन पुढे केला. कुठल्याशा थंड देशातला एक दाढीवाला आपल्या अंगणात प्लायवूडचं छोटं घर बांधत होता. खाली दोन चाकं. गाडीला मागे जोडायचं, रानात न्यायचं आणि आत झोपायचं. तो काय बोलतो ते ताईंना कळत नव्हतं, म्हणून त्या आवाज बंद करून बघायच्या आणि स्वतःच बोलायच्या. "अरे, आधी खालून पट्टी मार. आता बघ, फळी फाटणार... फाटली! सांगत होते."

"पण ताई, हे ओढणार कोण?" मी विचारलं. "तुमच्याकडे साधी सायकल नाही."

"आधी घर तर होऊ दे. बैल मागून बघू."

तळवड्याच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी जनरेटरची जुनी ट्रॉली आणली. कागदपत्रं शाबूत, चाकं बरी. कंपनीत नापास झालेल्या फळ्या आणि प्लायवूड रीतसर गेट पास करून आणल्या. मग दर रविवारी अंगणात ठाकठोक सुरू झाली. साडीचा पदर खोचलेला, डोक्याला रुमाल, कानावर पेन्सिल. बटाटे आणायला म्हणून बाहेर पडलेली मी तिथंच रेंगाळायचे.

वहिनींची तक्रार चालू असायची. "भाजीत मोहरीपेक्षा भुसा जास्त लागतोय हल्ली." गल्लीनंही आपापले अंदाज बांधले. कुणाला ती इस्त्रीची टपरी वाटली, कुणाला पाणीपुरीची गाडी. पलीकडचे एक आजोबा रोज काठी टेकत यायचे आणि विचारायचे, "काय ताई, वडापाव कधी चालू?"

"तुमचे दात आले की," ताई म्हणायच्या.

घर उभं राहिलं आणि खरोखर सुरेख दिसलं. मागच्या बाजूला उतरतं छप्पर, आत एकाच माणसाच्या मापाचा पलंग, पायाशी कपाट, उशाशी फळी. फळीवर बुद्धाची छोटी तसबीर, तीही चार स्क्रूंनी आवळलेली. ओल लागू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात पेटीत टाकतात तशा पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या. एक फट नाही. एका रविवारी दुपारी, भर उन्हाळ्यात, ताई सगळ्यांसमोर आत शिरल्या, दार लावलं आणि उद्‌घाटनाला आडव्या झाल्या.

थोड्याच वेळात दार उघडलं. ताई बाहेर आल्या त्या कुकरमधून काढलेल्या बटाट्यासारख्या. रुमाल ओला, चष्म्यावर वाफ.

"खिडकी राहिली," त्या म्हणाल्या.

नोकरीभर पेट्या बांधलेल्या बाईनं स्वतःसाठीही पेटीच बांधली होती. वहिनी हसून हसून भिंतीला टेकल्या. कंपनीत ही बातमी मी पोचवली, हे कबूल. मग लाइनवरची पोरं एका सुट्टीला येऊन ट्रेलरच्या पाठीवर पेट्यांवर मारतात ते दोन्ही शिक्के रंगवून गेली: वरच्या बाजूचा बाण आणि नाजूक मालाचा काचेचा प्याला.

"बाण राहू दे," ताई म्हणाल्या. "प्याला पुसा. लोकांना बार वाटेल."

दोन्ही बाजूंना खिडक्या कापल्या गेल्या, त्यांना जाळ्या लागल्या, आणि त्याच सुमारास भाच्याचं लग्न ठरलं.

तो रविवार मला नीट आठवतो. आम्ही अंगणात चहा घेत होतो. ताई दाराच्या कडेला पॉलिश पेपर मारत होत्या. लग्नाची बोलणी, हॉल, जेवण, सगळं बोलून झाल्यावर भाऊ समाधानानं म्हणाले, "मला जागेची फार काळजी होती. पण ताई, तू ती आपोआप मिटवलीस."

"मी? ती कशी?"

"मुलगा आणि सून आतल्या खोलीत. आम्ही आहोत तिथं. आणि तुझी सोय तू स्वतःच करून ठेवलीस की! इथंच अंगणात. वरून पत्रा टाकून देतो. लाइट ओढतो. पंखा लावतो."

पॉलिश पेपरचा आवाज थांबला.

"मग मी चाकं कशाला लावली?" ताईंनी विचारलं.

"चाकं काढून टाकू. खाली विटा लावू," भाऊ उत्साहानं म्हणाले. "अजिबात हलणार नाही बघ."

त्यांनी हे प्रेमानं म्हटलं, ताईंना हेच आवडेल अशा खात्रीनं. पेपर घडी करून ताईंनी कमरेला खोचला आणि कप विसळायला आत गेल्या. स्वयंपाकघरातली तात्पुरती सोयच आता अंगणात कायमची होणार होती, हे माझ्याही ध्यानात घरी जाताना आलं.

सोमवारी बस मोशीला अडकली. ताई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांची जीप चालू आहे का गं?"

सासऱ्यांची जुनी जीप होती, आणि आता घरात ती फक्त मीच चालवत होते. मागे हुकही होता. त्याच शनिवारी आम्ही निघालो. अंगणातून ट्रेलर बाहेर पडताना भाऊ "सावकाश, सावकाश" करत सोबत चालत होते, वहिनी दारात उभ्या होत्या आणि पलीकडच्या आजोबांनी वडापावच्या गाडीला मोठ्या मनानं निरोप दिला.

चाकणच्या चौकात एका पोलिसानं हात दाखवला.

"मागे काय माल आहे?"

"मागे काही नाही," ताई म्हणाल्या. "माल पुढे बसलाय."

त्यानं ट्रेलरभोवती एक फेरी मारली, कागद बघितले, खिडकीतून आत डोकावला आणि परत येऊन हळूच विचारलं, "बनवून देता का हो?"

चासकमानच्या पाण्याकाठच्या गावात आमच्या कंपनीतल्या एका फिटरचं घर आहे. त्याच्या शेतात, पाणी समोर दिसेल असा ट्रेलर लावला. ताईंनी चारही कोपरे हलवून पाहिले, चाकांखाली दगड सारले. फिटरच्या आईनं पिठलं-भाकरी केली. जेवण झाल्यावर ताई म्हणाल्या, "तू आत मावशींकडे झोप. इथं एकाचीच जागा आहे." हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू हॉटेलवाल्यानं खोल्या भरल्याचं सांगावं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सकाळी मी उठले, अंघोळ केली, चहा घेतला. दार बंद. गुरं पाण्यावर जाऊन आली. दार बंदच. ऊन ट्रेलरच्या छपरावर चढलं, तेव्हा फिटरची आई कमरेवर हात ठेवून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"बाई अजून उठल्या न्हाईत व्हय? बरं हाय ना समदं?"

मलाही काळजी वाटायला लागली होती. मी दबक्या पावलांनी खिडकीपाशी गेले आणि ऐकलं. आत ताई घोरत होत्या. चांगल्या ऐसपैस, बिनघोर घोरत होत्या. मी मावशींना खूण केली आणि आम्ही दोघी चोरासारख्या मागे आलो.

शेवटी दार उघडलं. ताईंचे केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. उन्हाकडे बघून त्या दचकल्या.

"अगं, एवढा उशीर! उठवायचं नाही का?"

"कशाला? कुणाचा चहा अडला होता?"

ताई ट्रेलरच्या पायरीवर बसल्या. मी चहा आणून दिला, तो हातात धरून त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

"असं असतं होय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"झोप पुरी होणं."

डोळे भरले होते का, मी नीट पाहिलं नाही. असल्या वेळी बघू नये.

घरी परतल्यावर भाऊ पत्र्याचं माप घेऊन तयार होते. ताईंनी त्यांना जीपमधून उतरता उतरताच सांगितलं, "पत्रा टाकू नकोस. चाकं राहू देत. हे फिरायला आहे. घरात मी कुठं झोपायचं, ते तुम्ही ठरवा. मी नाही ठरवणार."

भाऊ आधी गोंधळले, मग ओशाळले आणि मग पेटून उठून म्हणाले, "तू आमच्या खोलीत. आम्ही दोघं स्वयंपाकघरात!" वहिनींनी त्यांच्याकडे कसं पाहिलं ते मी सांगत नाही. लग्न झालं, सून आली, आणि भाऊ सतरंजी घेऊन ओट्याखाली गेले. थोड्याच दिवसांत रस्त्यात भेटले तर डोळे तारवटलेले. "अहो, घरातली माणसं किती वेळा पाणी प्यायला उठतात!" ते मला म्हणाले. "आणि प्रत्येक जण दिवा लावतो!" त्यानंतर गच्चीवर खोली बांधायला काही फार वेळ लागला नाही.

बैलही मिळाला, तो अनपेक्षित ठिकाणाहून. नवी सून सांगवीची, तळवड्याला आयटीत नोकरी. तिची स्वतःची गाडी होती. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीच्या आधी तिनं न सांगता गाडीला मागे हुक बसवून आणला आणि विचारलं, "आत्या, कुठं जायचं?" तिच्या नवऱ्याची पहिली तक्रार अशी की बायको आत्याबरोबर फिरायला जाते.

ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी लाइनवरच्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि ती न हलवताच त्या बसल्या. आता बसमध्ये माझ्या शेजारी एक मुलगा बसतो. कानात बटणं घालतो आणि मोशी येईपर्यंत एका माणसाचंही उणंदुणं काढत नाही.

गेल्या रविवारी निरोपाचे फोटो द्यायला म्हणून मी त्यांच्याकडे गेले. अंगण रिकामं होतं. ट्रेलरच्या जागी वहिनी जुन्या साडीवर कुरडया घालत होत्या.

"गेल्या दोघी कोकणात," वहिनी म्हणाल्या. "परत कधी येणार विचारलं, तर म्हणतात, मासे संपले की."

मी शेजारी बसले, हात धुऊन सोऱ्या दाबायला घेतला. दोन-चार कुरडया झाल्यावर वहिनींनी घराकडे एकदा वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी पण झोपले होते त्यात. एकदाच. दुपारची. ताई बँकेत गेल्या होत्या. ह्यांना सांगू नका हं."

"मग?"

"मग काय! आतून कडी लावली आणि पडले. इतकी शांतता हो! हे हाका मारत होते म्हणे, मुलगाही मारत होता. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही." त्यांनी ओल्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले. "फार जाड भिंती आहेत त्या."

ते प्लायवूड माझ्यासमोर कापलं होतं. करंगळीएवढंही जाड नाही. अंगणात कुणी शिंकलं तरी आत ऐकू येतं.

"हो," मी म्हणाले. "फारच जाड आहेत."