तात्यांची काडतुसं आणि माझं गणित

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. खिशात फोन दोनदा थरथरला, मी घेतला नाही. फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं, मग बाहेर येऊन बघितलं. बेंबळीच्या पुढं आमचं गाव, धाराशिवहून मोटारसायकलवर तासाच्या आतलं. तरी पोचलो तोवर तात्यांना अंघोळ घालून झाली होती. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि मंडळी देवळाच्या ओट्यावर टेकली. माणूस गेला की त्याच्या गोष्टी निघतात, तशा निघाल्या. भावकीतले बळीराम अण्णा हसत म्हणाले, “माणूस सोन्याचा. पर फौजेच्या बाता लई. तालमीत सरांनी गप केलं म्हणून, न्हायतर ते गोळ्यांचं पुराण सरलंच नसतं.” सर म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. तिथं एका वाक्याचं काम होतं... अण्णा, तात्या खरं सांगत होते, चुकलो मी होतो. तेवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. चप्पल शोधायच्या निमित्तानं मी उठलो. याला आता पाच आठवडे झाले.

तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सातवी शिकून फौजेत गेले आणि सगळी नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत काढून हवालदार म्हणून परत आले. बाकीच्या जवानांना बंदूक ठाऊक असते, तात्यांना तिच्यात काय भरायचं ते ठाऊक. कुठल्या पेटीला ओल लागली, कुठल्या काडतुसाचं पितळ काळं पडायला लागलं, हे ते बोटानं चाचपून सांगत. गावी आल्यावर डेपो सुटला, सवय सुटली नाही. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणं एका रांगेत लागले. काकू म्हणायच्या, “तुरीच्या डाळीला बी सावधान करून ठेवलंय ह्यांनी.”

आमच्या घरात पदवी मिळवणारा पहिला मी. बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. त्याचा अभिमान मला तेव्हाही होता, आजही आहे, लपवत नाही. निकाल घेऊन गावी गेलो तर तात्या ज्वारीला पाणी देत होते. हात धोतराला पुसून त्यांनी गुणपत्रक धरलं, इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले, कागद मला परत दिला, आणि चिखलात टाचा जुळवून मला कडक सॅल्यूट ठोकला. “शाबास बापू,” एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडी मी बापूच होतो.

भरतीची तयारी करणारी गावातली पोरं तात्यांकडं यायची. त्यांना दाखवायला तात्यांनी सुताराकडून लाकडाची दोन काडतुसं कातून घेतली होती, अगदी मापात. एक मोठ्या पिस्तुलाचं, अंगठ्याच्या पेराएवढं, बुटकं. दुसरं सगळ्यांत जड रायफलीचं, वितीला चार बोटं कमी, खाली जाड आणि वर बाटलीसारखं निमुळतं. टोकाच्या गोळीला तांबूस रंग, खालच्या नळीला पिवळा. गंमत अशी की दोन्हींच्या गोळीची जाडी जवळपास सारखीच. आपण ज्याला बोअर म्हणतो तो एकीचा साडेअकरा मिलिमीटरच्या आत, दुसरीचा पावणेतेराच्या आत.

पुढं एम.एस्सी. करून मला कॉलेजात नोकरी लागली, त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्या तालमीत त्या दिवशी गावातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. मुद्गल, विळे, न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कात्री, बोअरवेलवाल्याचे पाने, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. तात्या आपली लाकडी काडतुसंही मांडायचे. मी प्रमुख पाहुणा होतो, डोक्याला फेटा होता. पूजा झाल्यावर तात्यांनी दोन्ही काडतुसं उचलली आणि पोरांना समजावायला लागले.

“ह्या दोघींची तोंडं सारखी दिसत्यात, फसू नका,” ते म्हणाले. “ही पिस्तुलाची. एका हातात धरून मारायची, म्हणून हाताला सोसंल तेवढीच दारू. ही रायफलीची. तिला जमिनीवर पाय रोवून ठेवावं लागतं. हिच्या म्होरं ती पिस्तुलाची म्हंजे फुलबाजी.”

पोरं गुंग होऊन ऐकत होती. पाहुणा मी, आणि ऐकत होती ती त्यांचं... हे मला खुपलं, आज कबूल करतो. मी माईक घेतला. हसत म्हणालो की तात्या, फौजेतल्या गोष्टी रंगवून सांगायच्या असतात, पण विज्ञान मोजमाप मागतं. बोअरमध्ये फरक मिलिमीटरभराचा, म्हणजे दहा-बारा टक्के. मग ताकदीत फुलबाजी आणि बॉम्बएवढा फरक कसा पडेल? फार तर थोडा उन्नीस-बीस. पोरं हसली. कुणीतरी मागून ‘फुलबाजी तात्या’ म्हणालं आणि ते नाव त्यांना चिकटलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ते पोरांना म्हणाले, “सर म्हणत्यात तर तसं असंल. ते शिकलेले हायत.” दोन्ही काडतुसं रुमालात गुंडाळली आणि भिंतीकडंला जाऊन बसले. त्या दिवसापासून मी त्यांचा बापू राहिलो नाही. घरात, शेतात, एकट्यात सुद्धा, ‘या सर’, ‘बसा सर’. काडतुसं पुन्हा पूजेला आली नाहीत आणि गोळ्यांबद्दल ते परत बोलले नाहीत.

दिवाळीनंतर अकरावीला गतिज ऊर्जा शिकवत होतो. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं, हे सूत्र फळ्यावर लिहिलं आणि खडू तिथंच थांबला. बोअर म्हणजे नुसती गोळीची जाडी. लांबी, वजन आणि मागं ठासलेली दारू मी हिशेबातच धरली नव्हती. घरी येऊन आकडे शोधले. रायफलीची गोळी वजनाला तिप्पट, वेगाला तिपटीहून जास्त, आणि वेगाचा तर वर्ग करायचा. ताकद तीस पटीच्या पुढं गेली. सातवी शिकलेल्या माणसानं जे हातानं ओळखलं होतं, तिथं मी चुकलो होतो, तेही ज्या विषयाची पदवी मिरवत होतो त्याच विषयात.

त्याच आठवड्यात तात्यांना सांगायला हवं होतं. नऊ वर्षं सांगितलं नाही. ते हुरडा घेऊन घरी आले, मी पावसापाण्याचं बोललो. दवाखान्यात त्यांच्या उशाशी दीड तास बसलो... डॉक्टर काय म्हणाले तेच दोनदा सांगितलं. चार माणसांत चुकलेलं एकट्यात कबूल करायलाही माझी मान वाकत नव्हती.

गेल्या आठवड्यात काकूंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला सांगून काय उपेग? मी कुठं हसले व्हते?” मग त्यांनीच सांगितलं की गायरानावर पोरं अजून पळायला येतात, पण ह्यांच्यामागं चुन्याची फक्की कुणी मारली नाही. दर शनिवारी संध्याकाळी तात्या तिथं जायचे, दोरी धरून पळायच्या फेरीची चुन्याची रेघ मारायचे. हे मला माहीतच नव्हतं.

शनिवारी मी चुन्याची पिशवी घेऊन गेलो. रविवारी सकाळी पोरं जमली, त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. तालीम, माईक, फुलबाजी, तीस पट. तेव्हा हसलेल्यांपैकी दोघं आता आपल्या भावांना सोडायला आले होते, ते खाली बघत उभे राहिले. एक मुलगी, पोलीस भरतीची तयारी करणारी, तिनं विचारलं, “मग सर, तात्यांना सांगितलं व्हतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

शिट्टी वाजली, सगळी पळायला लागली. वळणावर माझी रेघ बरीच आत सरकली होती, एकटाच होतो, दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. बाहेरून मात्र गवतात एक उघडी पट्टी होती, वर्षानुवर्षं तात्यांच्या रेघेवरून पळून पळून तिथं गवत उगवायचंच थांबलेलं. पोरांनी माझ्या चुन्याकडं बघितलंही नाही. पाय आपोआप त्या पट्टीवरून गेले.