दर रविवारी उतरणारी बॅटरी

गॅरेजात दोन गोष्टी न मागता साचतात. एक जुने नटबोल्ट आणि दुसरे किस्से. नटबोल्ट निदान भंगारवाला तरी घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते आपणच चहाबरोबर खपवायचे. तर घ्या, चहा घ्या आणि ऐका!

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी मलकापूरच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली की माझी सायकल थेट रेल्वे फाटकाजवळच्या गणपत मिस्त्रींच्या गॅरेजात. सांगायचं कारण नंबरप्लेटी रंगवणं. खरं कारण म्हणजे तिथलं बाकडं आणि त्यावर बसणारी मंडळी. पोस्टातले कुलकर्णी, हॉटेलवाला सदा आणि मी, हे तीन कायमचे मेंबर.

मिस्त्रींची गाडी तपासायची एक पद्धत होती. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनावर, मूठ कानाला, डोळे गच्च मिटलेले. मग डोळे उघडून जे बोलतील ते खरं, गिऱ्हाइकाला आवडो की न आवडो. बाकी बाबतीत मिस्त्री थापा मारत, बायकोला तर रोज! पण गाडीच्या बाबतीत ते खोटं बोलले, असं अख्ख्या मलकापुरात कोणी ऐकलं नव्हतं.

*

अमडापूरच्या एका पाटलांनी इथल्या व्यापाऱ्याकडून जुनी जीप घेतली. घरी नेण्याआधी गॅरेजात आणली. जीपला हार, बॉनेटला कुंकू, सोबत आठ माणसं आणि हातात नारळ!

"मिस्त्री, तुमच्या हातानं फोडा," पाटील म्हणाले.

मिस्त्रींनी आधी स्क्रू-ड्रायव्हर लावला. डोळे मिटले, उघडले. नारळ पाटलांच्या हातात परत दिला.

"राहू द्या पाटील. पुढं नळगंगेचा पूल हाय. तिथं लागीन."

पाटील चिडून निघून गेले. अर्ध्या तासानं त्यांचा एक माणूस पळत आला. जीप बरोबर पुलावर बसली होती.

मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उचलली आणि विचारलं, "नारळ फोडला का बे?"

*

खामगावचे एक वकील आपली मोटार विकायला काढून बसले होते. गिऱ्हाईक गॅरेजात येणार म्हटल्यावर वकिलांनी मिस्त्रींना बाजूला घेतलं.

"मिस्त्री, खोटं बोला असं माझं म्हणणं नाही. पण जे चांगलं असेल तेवढंच बोला की!"

"हाव. तेवढंच बोलतो."

गिऱ्हाईक आलं. गाडी कशी आहे म्हणून विचारलं. मिस्त्री गाडीभोवती दोन चकरा मारून आले. खाली वाकले, उठले. बराच वेळ विचार केला.

"आरसा एक नंबर हाय साहेब! मांगून ढकलनारे चारई जन साफ दिसते."

वकील त्यानंतर सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत.

*

आता लाल गाडीकडे येऊ. कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

कापसाच्या जिनिंगचा इंग्रज साहेब विलायतेला परत गेला तेव्हा आपली लाल टू-सीटर जिनिंग-प्रेसवाल्या शेटजींना देऊन गेला. टप नसलेली, तारांच्या चाकांची, लांब नाकाची रेसची गाडी. शेटजी हौसेनं तिच्यात बसले. बसले ते बसलेच! पोट स्टिअरिंगखाली अडकलं. दोन हमालांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा सुटले.

"मिस्त्री, ही तुमच्याकडेच ठेवा," एवढं बोलून शेटजी टांग्यानं घरी गेले. ते पुन्हा तिच्याजवळ फिरकले नाहीत.

गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. म्हणून मिस्त्री दर रविवारी सकाळी आठ वाजता तिला नांदुऱ्यापर्यंत फिरवून आणायचे. शेजारच्या सीटवर आम्हा तिघांचा आळीपाळीनं नंबर. आठवडाभर काळ्या ग्रीसमध्ये असलेला हा माणूस त्या दिवशी दाढी करून, पांढरा सदरा घालून यायचा. फाटक ओलांडलं की सुसाट! तिसऱ्या गिअरमध्ये ती एक बारीक शीळ घालायची. मिस्त्री म्हणायचे, "गाऊन राह्यली पाह्य." पुढे तासभर आम्ही एक शब्द बोलायचो नाही.

असं नऊ वर्षं चाललं. मिस्त्रींच्या घरून शांतावहिनी एकदा डबा घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय हो, हे बॅटरी रविवारीच काऊन उतरते? घरची पिठाची गिरनी दुरुस्त कराले सांगतली का ह्यायचं बुधवारवर जाते!"

मिस्त्री डबा उघडून जेवायला बसले.

*

तर एके दिवशी संग्रामपूरकडचे तात्यासाहेब देशमुख काठी टेकत गॅरेजात आले. तात्यासाहेब म्हणजे शंकरपटाचा राजा! बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत त्यांच्या जोडीनं भल्याभल्यांना धूळ चारलेली. पण गेल्या पटात ते छकड्यावरून पडले आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी छकडा कायमचा बंद केला. घरची जीप तेवढी ते हाकत.

"मिस्त्री, शर्यतीत पयल्याशिवाय मले जेवन जात नाही," ते म्हणाले. "बैलाचं पयनं गेलं. आता मोटारीचं पाह्यतो. शेटजी लाल गाडी इकतो म्हनते. अन् इंदूरचा एक दलाल निळी घेऊन येऊन राह्यला. दोन्हीतली कोनती घेऊ, ते तुमी सांगा."

बाकड्यावर आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सदाच्या हातातला चहा तसाच राहिला. मिस्त्री फडक्यानं हात पुसत होते. चांगली दोन मिनिटं पुसत होते.

"सांगीन," ते म्हणाले.

*

दलाल निळी घेऊन आला. सूट, बूट, गॉगल. गाडी इटालियन, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, आवाज असा की फाटकाजवळची घोडी बुजली.

"घंट्याला एकशे तीस मैल!" दलाल म्हणाला.

"कुठी?" मिस्त्रींनी विचारलं.

"कहीं भी!"

"मलकापुरात नाही. इथली टॉप स्पीड फाटकवाला ठरवते!"

तात्यासाहेबांनी मात्र आपल्या पद्धतीनं पाहणी सुरू केली. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून मागून पुढे आले. बॉनेटवर थाप मारली. चाकाजवळ बसून खुरं पाहावीत तसं टायर पाहिलं. बॉनेट उघडायला लावून आत डोकावले, "दात बरे हाय" म्हणाले.

"चारा किती लागते?"

"लाल थोडक्यात भागवते," मिस्त्री म्हणाले. "निळी खायले बसली की उठत नाही."

तात्यासाहेबांना सगळं पटलं. पण पटाचा माणूस! म्हणाले, "जोडी पयवल्याबिगर घेत नसते. पुढच्या शनिवारी आमच्या गावच्या पटाच्या मैदानात या. घडीवाला वेळ मोजीन. अन् दोन्हीचा धुरकरी एकच पाह्यजे. मिस्त्री, तुमी हाकलान."

म्हणजे सगळंच मिस्त्रींच्या पायाखाली आलं!

ते गेल्यावर कुलकर्णी हळूच म्हणाले, "मिस्त्री, लालच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जरा हलका ठेवा. कोणाला कळतंय? निळी जाईल, आपली इथंच राहील."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की कुलकर्णी दोन दिवस बाकड्यावर आले नाहीत.

*

शनिवारी दोन्ही गाड्या निघाल्या. लालमध्ये मिस्त्री आणि मी, निळीत दलाल. डांबरी संपेपर्यंत निळी पुढे. मग गावाची गाडीवाट लागली. बैलगाड्यांनी दोन बाजूंना खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मध्ये उंचवटा. निळीचं पोट त्या उंचवट्यावर टेकलं आणि चारी चाकं अधांतरी! दलाल रेस करतोय, चाकं गरगर फिरताहेत, गाडी जागची हलत नाही.

लाल मात्र बाजूनं, तसल्याच उंचवट्यावरून निघून गेली. मिस्त्रींनी कधीच तिच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यात एक पत्ती जास्तीची टाकून तिला उंच करून ठेवली होती.

तात्यासाहेबांनी निरोप मिळताच बैल पाठवले. घाईत गड्यानं गोठ्यातली पहिली दिसली ती जोडी सोडली. ती नेमकी पटाची! निळीच्या पुढच्या दांड्याला दोर बांधला. गाडी उंचवट्यावरून सुटली. दोर ढिला पडला. बैलांना वाटलं, पट सुटला!

काय पळाले हो! पुढे जोडी, मागे निळी, तिच्यात उभा राहून दलाल ओरडतोय, "ब्रेक! ब्रेक!" कोणाला ओरडत होता देव जाणे, कारण ब्रेक त्याच्याच पायाखाली होता. गॉगल तुरीत गेला तो गेलाच.

मैदानावर तात्यासाहेब काठी आपटत हसत होते. "दलालसाहेब, गाडी पयते तुमची! फक्त इंजिन आमचं हाय!"

*

मग खरी दौड झाली. मैदानाच्या टोकाला दोरा बांधलेला, तिथे घडीवाला. आधी लाल. मिस्त्रींनी तिला अशी सोडली की धुळीत नुसती शीळ ऐकू आली. पाय हलकाबिलका काही नाही. मग निळी. तीही तितक्याच इमानानं हाकली.

घडीवाल्यानं घड्याळ दोनदा पाहिलं आणि ओरडला, "निळी!"

मी मनात हुश्श केलं. खोटं सांगू काय? मला आनंदच झाला. मिस्त्रींना काही करावंही लागलं नाही, घड्याळानंच लाल वाचवली!

दलाल कागद काढायला लागला. तात्यासाहेबांनी काठीनं त्याला थांबवलं.

"घडी निळी म्हनते. मिस्त्री, तुमी काय म्हनता?"

मला वाटलं, आता 'हाव' एवढंच म्हणायचंय. बस्स, एक 'हाव'! तेही खोटं नव्हतं.

मिस्त्रींनी लालकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत म्हणाले, "तात्यासाहेब, निळी एक डाव पयीन. लाल रोज पयीन. लाल घ्या."

तात्यासाहेबांनी लालच्या बॉनेटवरून हात फिरवला. "इंग्रज जाऊन इतके वर्सं झाले. हिले इतकी जपली कोनं?"

मिस्त्री वाकून टायरची धूळ झटकायला लागले. माझ्याच तोंडून निघून गेलं, "बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी आठ वाजता नांदुऱ्यापर्यंत नेत होते, तात्यासाहेब. नऊ वर्षं."

तात्यासाहेबांनी मान डोलावली आणि लालचा सौदा पक्का केला. लाल तिथंच राहिली. मिस्त्री आणि मी एसटीनं परत आलो. मलकापूर येईपर्यंत मिस्त्री खिडकीबाहेर पाहत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्त्री दाढी करून, पांढरा सदरा घालून गॅरेजात येऊन बसले होते. नऊ वर्षांची सवय, दुसरं काय! बसले आणि कोणाला नको असलेले नट रॉकेलमध्ये धुवायला लागले. सदरा डागाळला तरी लक्ष नाही. शांतावहिनी स्वतः चहा घेऊन आल्या आणि बॅटरीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. तेव्हा मला कळलं, प्रकरण किती गंभीर आहे ते.

आठ वाजले. फाटकापलीकडून आवाज आला. मिस्त्रींचा हात थांबला.

"तिसऱ्यात हाय," ते म्हणाले.

लाल दारात येऊन उभी राहिली. धुळीनं माखलेले तात्यासाहेब एकटेच काठी टेकत उतरले. पहाटे घरून निघाले असणार. इंजिन बंद केलंच नव्हतं. ते एका लयीत, सुरेख चाललं होतं.

"मिस्त्री," तात्यासाहेब बाकड्यावर बसत म्हणाले, "हिची बॅटरी उतरून राह्यली. नांदुऱ्यापर्यंत नेऊन आना. दर रविवारी असंच होईन असं वाटते मले. मी बसतो इथं चहा पेत."

मिस्त्री उठले. हात पुसले. स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक चालू इंजिनावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले.

मग डोळे उघडले. ओले होते.

"हाव, तात्यासाहेब," मिस्त्री म्हणाले. "पार उतरली."