क्लिपमधलं हसू

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी एक तरी गमतीची बातमी टाकायची, हा माझा नेम होता. नवरदेवाला पाठीवर घेऊन वरातीतून पळालेली घोडी, माणसाच्या उंचीचा मुळा, बदकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून गाड्या थांबवणारा कुठल्याशा देशातला पोलीस. असलं काही शोधून काढावं तर बाईंनीच, असं जळगाव जामोदपासून मेहकरपर्यंतचे शिक्षक म्हणायचे, आणि मला ते मनापासून आवडायचं. देवपूजा एखादे दिवशी चुकली असेल, हे कधी चुकलं नाही.

ग्रुपवर गणिताचे एक सर होते, तेही असंच काहीबाही टाकायचे. त्यांच्या बातमीखाली हसरे चेहरे जास्त उमटले की माझा दिवस वाकडा जायचा. एकदा त्यांनी पानटपरीच्या गल्ल्यावर बसलेल्या माकडाचा व्हिडिओ टाकला, आणि पुढचा आठवडाभर माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पन्नाशीला टेकलेली बाई मी, आणि एका माकडावर जळत होते.

त्याच आठवड्यात मी मावशीकडे गेले. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. रोहिणखेडजवळच्या एका खेड्यात राहते, भाजीपाला लावते. शाळेची पाच वर्षं मी तिच्याकडेच होते. माझं हसणं जरा विचित्र आहे. आधी नाकातून फुर्र होतं आणि शेवटी उचकी लागल्यासारखा श्वास आत जातो. आई चिडायची, पोरीच्या जातीला असं हसणं शोभत नाही म्हणायची. मावशी मात्र प्रत्येक वेळी आईला गप्प करायची. "हासू दे वं तिले," एवढंच म्हणायची.

तिला मी माझा जुना फोन दिला होता. माइकचं चित्र दाबून काही विचारलं की आतून एक बाई उत्तर देते, हे शिकवलं होतं. मावशीनं ते फार मनावर घेतलं. फोनसमोर बसताना ती पदर सावरायची, आणि आधी ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय कामाचं बोलायची नाही. आतल्या बाईला तिचं बोलणं कधी कळायचं, कधी नाही. मावशी न रागावता पुन्हा विचारायची. हळूहळू गल्लीतल्या बायाही तिच्याकडे यायला लागल्या. पाऊस कधी, मिरचीवर काय फवारू, दाखल्याला कोणते कागद लागतात. ज्या मावशीला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं, तिच्या ओट्यावर आता बाया नंबर लावून बसायच्या. तिची मान ताठ झाली होती. मलाही त्याचा अभिमान होता, हे सांगितलं पाहिजे. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

त्या दिवशी ती विचारत होती, "बाई, बरी हायेस ना? वांग्याले कीड लागली वं, काय फवारू ते सांग." बाईनं सांगितलं. मावशीनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं बाई. आता तू बी दोन घास खाय. सकायपासून बोलून राह्यली."

मी मागे बसून हे सगळं माझ्या फोनमध्ये घेत होते. त्या वाक्याला मला हसू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्रुपवर टाकलं. चेहरा नव्हता, फक्त हात, बांगड्या आणि फोन. वर लिहिलं, "आमच्याकडच्या एका आजीबाईंचं इंटरनेट." त्यातलं 'एका' मी विचार करून लिहिलं होतं. कुणाला कळणार आहे, अशी मनाची समजूत घातली. हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. गणिताच्या सरांनी हात जोडले. त्या दिवशी वर्गात मी कुणालाही रागावले नाही.

दोन दिवसांत ती क्लिप कुठून कुठून माझ्याकडेच परत यायला लागली. कुणी तिला ढोल जोडला होता, कुणी डोळे फिरवणारं कार्टून. पुण्याहून नणंदेनं पाठवली आणि विचारलं, तुमच्याकडे खरंच असं बोलतात का गं? माझी आई असंच बोलायची. मीही घरात असंच बोलत मोठी झाले. नणंदेला मी आधी एक हसरा चेहरा पाठवला आणि मग लिहिलं, "खेड्यात बोलतात काही जण." क्लिप टाकली ते एक वेळ मूर्खपणात मोडेल. हे वाक्य कशात मोडतं ते मला ठाऊक आहे, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

महिन्याभरानं पुन्हा मावशीकडे गेले. ती ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. फोन आत फळीवर, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. का गं, म्हटलं, तर डोळे दुखतात म्हणाली. मेथीतली गवताची बारीक काडी मात्र ती बरोबर वेचून टाकत होती.

मी खाली बसले. क्लिपचा विषय कसा काढावा याचा विचार करत होते, तेवढ्यात तीच बोलली. शेजारच्या पोरींनी भाजी निवडताना फोनवर काहीतरी लावलं होतं, कुणी म्हातारी फोनला जेव म्हणते. साऱ्या हसल्या.

"म्या बी हासली," मावशी म्हणाली. "माहाच आवाज मले ओयखू आला नाई. म्हनलं, कोन येडी बाई होय. मंग शेवटी तुहं हासनं आलं."

ती जुडी बांधतच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं माझं, मी म्हटलं. तिनं मान हलवली.

"मी कोनाले सांगतलं नाई," ती म्हणाली. "तू बी सांगू नको."

ती मला वाचवत होती की स्वतःला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तेवढ्यात पलीकडच्या घरातली बाई आली. तिच्या हातात मिरचीची आकसलेली पानं होती, फोनवर विचारून पाहा म्हणाली. मावशीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आत गेली, फडकं सोडून फोन आणला आणि माझ्या हातात दिला.

"तू ईचार," म्हणाली. "तुहं बोलनं चांगलं हाय."

मी विचारलं. शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द सुटा. आतल्या बाईला पहिल्याच वेळी सगळं कळलं. मिरचीचं पान का आकसतं, कोणती कीड रस शोषते, काय फवारायचं, किती पाण्यात, सगळं तिनं सांगितलं. शेजारीण समाधानानं उठून गेली.

मी फोन मावशीसमोर धरून ठेवला होता. आता ती त्या बाईला दोन घास खायला सांगेल, म्हणून वाट पाहत होते. मावशीनं पुढची जुडी हातात घेतली आणि दोरा दातानं तोडला.