बंदीच्या महिन्यांची कमाई

कुणाचंही प्रतिज्ञापत्र टाइप झालं, की दाजीकाका सहीआधी ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. कणकवलीत कोर्टाजवळ त्यांची टायपिंगची टपरी होती. बाकावर चार माणसं बसलेली असली तरी त्यांचा आवाज खाली येत नसे. वाचन शुद्ध मराठीत, शंका मालवणीत. ‘‘सही तुजी, मगे आयकूक लाज कसली?’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी आणि बायको वेगळे झालो तेव्हा आमची मनू आठ वर्षांची होती. ती आईकडे कणकवलीत राहणार होती आणि तिची पोटगी माझ्या उत्पन्नावरून ठरायची होती. देवबागला माझी पर्यटकांची होडी आहे. मी काकांना सांगितलं, ‘‘म्हयन्याक आठ हजार घाला.’’

त्यांची बोटं थांबली. ‘‘ही खंयच्या म्हयन्याची कमाई?’’

‘‘जुलैची.’’

पावसात होडी किनाऱ्यावर झावळांखाली झाकलेली, बंद असते. तेव्हा मी एका हॉटेलात राबायचो, तिथे आठ हजारच मिळत. म्हणजे आपण खोटं बोलत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

‘‘होडी काय बाराय म्हयने झावळांखाली रवता?’’ काका म्हणाले. ‘‘वर्साचा सगळा सांग, त्येका बारान भाग दी. मगे तुज्या चेडवाचो, मनूचो खर्च, तिच्या आवशीची कमाई, सगळा बघून कोर्ट ठरयतला. पण आदी तुजो आकडो खरो व्हयो.’’

‘‘काका, तुमी टायप करा.’’

पर्यटक रोख देतात, पावती कुठेच नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. काकांनी टाइप केलं, वाचून दाखवलं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

पोटगी तीन हजार ठरली. मनूच्या आईनं सात हंगाम माझ्यासोबत किनाऱ्यावर गिऱ्हाइकं बोलावली होती. खरा आकडा तिला ठाऊक होता, पण तिच्याजवळ दाखवायला कागद नव्हता. तेवढ्यात भागेना; मनूला कणकवलीची शाळा सोडावी लागली आणि मायलेकी मिठबावला आजोळी गेल्या.

चार वर्षांनी काका अंथरुणाला खिळल्याचं कळलं. भेटायला गेलो आणि न राहवून म्हणालो, ‘‘काका, आता खरो आकडो कोर्टात सांगतंय. पोटगी वाढवन देतंय.’’ वाटलं, शाबासकी मिळेल. मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

‘‘माका कित्याक सांगतंस?’’ काका हळू आवाजात म्हणाले. ‘‘माका काय पोटगी व्हयी? चेडवाक सांग.’’

त्याच आठवड्यात ते गेले. मी अर्ज केला, पोटगी वाढली. मनूला सांगायचं ठरवून फोन लावला, तर तीच आधी बोलली, ‘‘बाबा, पैशे वाढले! होडी आता बरी चालता मां?’’

मी ‘होय’ म्हणालो. तिला फार आनंद झाला.