इवायांचा सत्कार, भर तलावात

आमच्या प्रताप नगरातल्या गल्लीत विजेबद्दल काहीही विचारायचं असलं की लोक रुपराव भोयरांकडे जातात. रुपरावांची सारी नोकरी वीज खात्यात गेली. खात्यात कुठे, हे कोणी विचारत नाही. बिलांच्या टेबलावर गेली. घरातला बल्ब बदलायचा तर अजूनही त्यांच्या बायको रुखमाबाई स्टुलावर चढतात आणि रुपराव खालून सूचना देतात. तरी आभाळात कडकडाट झाला की ते अंगणात येतात, आपल्याच खात्याने वीज सोडली असावी तसे वर बघतात आणि जाहीर करतात, "घाबराचं काम नाही. पायात रबराची चप्पल असली की वीज काही करत नाही." गल्ली मान डोलावते. मीही डोलावतो. शेजारी आहे, रोज तोंड दाखवायचं असतं.

माणूस मनाने मोठा. पाहुण्याने नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर त्या हातावर वाढतील. त्यातून पाहुणा इवाई असेल तर विचारायलाच नको. इवाई म्हणजे व्याही. मुलगा जितेंद्र याने मालवणची अबोली करून आणली, तिचे वडील अनंत खोबरेकर. त्यांची समुद्रात मासेमारीची बोट आहे. जूनमध्ये मासेमारी बंद होते, तेव्हा ते लेकीला भेटायला नागपूरला आले. नागपूरकराला समुद्राचं जे अप्रूप असतं, ते सारं रुपरावांनी पाहुणचारात ओतायचं ठरवलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही जेवायला बोलावलं होतं. जेवताना त्यांनी विचारलं, "इवाई, समुद्रात वीजगीज पडते का?"

"पडते ना," खोबरेकर हळू आवाजात म्हणाले. "उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच आपणच असतो. आभाळ फिरलं की मी जाळं तसंच सोडतो आणि बोट वळवतो. एकदा उशीर झाला. सगळ्यांना मधोमध खाली बसवलं, लोखंडाला हात लावू नका म्हटलं. माझा धाकटा भाऊ दोर सोडायला उठला. तिथेच गेला."

मी घास खाली ठेवला. अबोली भाताकडे बघत बसली. रुपरावांनी क्षणभर विचार केला आणि निदान सांगितलं.

"चप्पल घातली नसन त्यानं."

"नव्हती," खोबरेकर म्हणाले, आणि त्यांनी आमटी ओरपली.

मला त्या माणसाच्या सभ्यतेची भीती वाटली. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाचा शब्द खोडायचा नाही, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर कोणीतरी मोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी जितेंद्र ऑफिसला गेला आणि भोयर नवराबायको, अबोली, तिचे वडील आणि मी असे आम्ही रामटेककडच्या एका मोठ्या तलावावर. समुद्रवाल्याला तलाव दाखवायचा, ही कल्पना रुपरावांची. त्याहून मोठी कल्पना पिशवीत होती. शाल, नारळ आणि गुलाबाचा हार. भर तलावात बोट थांबवून इवायाचा सत्कार करायचा आणि मी मोबाइलवर फोटो काढायचे. मालवणच्या माणसाला नारळ देणं हे रुपरावांनाच सुचू शकतं.

धक्क्यावर लाइफ जाकिटं होती. मळकी, कुबट, पण होती. रुपराव बोटवाल्यावर खेकसले, "हे घाण इवायाच्या अंगावर घालतं का बे? शाल कुठं घालू मंग?" इवायाने घातलं नाही म्हणून आम्हीही घातलं नाही. उलट रुपरावांनी सगळ्यांना नव्या रबरी चपला वाटल्या. त्यांच्या हिशेबाने सुरक्षेची बाजू संपली.

पश्चिमेला आभाळ काळं होत होतं. खोबरेकर बोटीत पाय ठेवताना थांबले, वर बघितलं आणि म्हणाले, "जरा भरून आल्यासारखं वाटतं."

"हे का समुद्र आहे का इवाई? तलाव आहे आपला, घरचा!"

खोबरेकर बसले. बोटवाल्याने फेरीचे पैसे आधीच घेतले होते, त्यामुळे त्याला आभाळ दिसत नव्हतं.

काठ पार लांब गेला तेव्हा रुपरावांनी इंजिन बंद करायला लावलं. वारा सुटला होता. बोट आडवी डुलायला लागली. पलीकडच्या टेकडीवर वीज चमकली, आणि एरवी सावकाश येणारा आवाज तिच्या पाठोपाठच आला. थेंब पडायला लागले तशी रुपरावांनी छत्री उघडली, लांब लोखंडी दांड्याची, आणि ती डोक्यावर धरून उभ्यानेच भाषण सुरू केलं. "आज आमचे इवाई..." शाल वाऱ्यात फडफडत होती. खोबरेकरांची नजर छत्रीच्या टोकावर खिळली होती. तरी नारळ घ्यायला ते उठायला लागले.

"बाबा, खाली बसा!"

अबोलीचा आवाज इतका मोठा असेल असं आमच्या गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. बाबा ती सासऱ्यांनाही म्हणते, त्यामुळे दोघेही बसले. रुपरावांच्या हातातली छत्री तिने हिसकली आणि पाण्यात फेकली.

"दादा, इंजिन चालू करा. काठावर घ्या. सगळे मधे या, खाली वाका, लोखंडाला हात लावू नका."

"अवं, सासऱ्याच्या हातातून ओढते?" रुखमाबाई ओरडल्या.

"ओढते. आई, तुम्हीपण खाली वाका."

"सत्कार अर्धा राहून राहिला ना पण!" रुपराव म्हणाले. तेवढ्यात समोरचं पाणी पांढरंफटक झालं आणि कानात फक्त शिट्टी उरली. वीज कुठे पडली ते कोणीच पाहिलं नाही, कारण सगळ्यांची डोकी गुडघ्यांत होती. रुपरावांचं सगळ्यात खोल होतं. ते काहीतरी पुटपुटत होते, आणि मी शेजारीच होतो म्हणून सांगतो, त्यात चपलेचा उल्लेख नव्हता.

काठाला लागल्यावर आम्ही धावत गाडीत शिरलो आणि काचा वर केल्या. रुपराव स्टिअरिंगपाशी गार पडून बसले होते. रुखमाबाई मात्र सावरल्या होत्या. लोक काय म्हणतील, पाहुण्यांसमोर सून कशी बोलली, असं त्यांचं सुरू झालं. मागच्या सीटवर मी, अबोली आणि तिचे वडील, तिघेही चिंब भिजलेले. तिने वडिलांचा हात धरला होता.

"तुमका सगळा दिसत होता," ती मालवणीत म्हणाली. "समुद्रात कोणाक विचारता काय तुम्ही? मग आज गप कित्याक रवलात?"

खोबरेकरांनी पुढे बडबडणाऱ्या विहीणबाईंकडे पाहिलं.

"मी बोललो असतंय तर घराकडे तुका आयकूक लागला असता," ते म्हणाले. "मी चार दिवसांनी जातलंय. तुका हयच रवाचा हा."

"म्हणून मरत होतात?"

पुढे रुखमाबाईंचं चालूच होतं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, सभ्य माणसाचा सगळ्यात जास्त.

मालवणी रुपरावांना किती कळली कोण जाणे. त्यांनी मागे वळून आधी खोबरेकरांकडे आणि मग सुनेकडे पाहिलं. बायकोला म्हणाले, "चूप राय. तिनं मले वाचवलं."