ताईची जड तलवार

नावं ठेवणं हा माझा धंदा आहे. व्हिडिओ गेम खेळायचे, वहीत एका बाजूला बरं, दुसऱ्या बाजूला वाईट लिहायचं आणि पेपरात छापून आणायचं. माझ्या ताईच्या मते याला काम म्हणत नाहीत. ती शिंपीण. चाळीस वर्षं तिने अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले आणि त्यावर मला शिकवलं. हे ती कधी ऐकवत नाही. बाकी सगळं ऐकवते.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं तर जरा जास्तच आलं. उजवा अंगठा मात्र रुसला. कात्री उघडायची, पण कापड कापेल इतक्या जोराने मिटायची नाही. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला, तो ताईने बटणांच्या डब्यात टाकला. "मी काय तान्हं बाळ आहे?" मग जरा वेळाने म्हणाली, "कात्री चालली नाही तर मी कोण रे?"



त्याच सुमारास परीक्षणासाठी एक गेम आला. जादूगार, राक्षस, तलवारी. एका गाजलेल्या कादंबरीमालेचे रीतसर हक्क घेऊन बनवलेला. त्या कादंबऱ्या ताईने मशीन चालवता चालवता ऐकून पाठ केल्या होत्या. ती खुर्ची ओढून माझ्या मागे बसली.

"राणीच्या झग्याला काखेत शिवणच नाही. घातला कसा तिने?"

माझ्या वहीत हे नव्हतं. तिथे वाईटाच्या बाजूला होतं: कॅमेरा भिंतीमागे अडकतो, पुस्तकातली बोलकी माणसं इथे नुसती मुंडी हलवतात, तलवार उगारायला तीन आकडे मोजेपर्यंत अंगठ्याने बटण दाबून धरावं लागतं. बऱ्याच्या बाजूला फक्त जंगल आणि त्यातले आवाज.

"दे इकडे," ताई म्हणाली आणि कंट्रोलर घेतला.

मग रोज दुपारी तासभर तेच. अंगठा घसरायचा, राक्षस तिला लोळवायचा, ती त्याचा उद्धार करून पुन्हा उठायची. तिचे हाल मला बघवेनात. एकदा मी गुपचूप सेटिंग बदललं. नुसत्या टिचकीवर तलवार चालायला लागली. आठवडाभर ताई धडाधड जिंकत होती आणि मी स्वतःवर खूश होतो. आठव्या दिवशी तिने कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला.

"तलवार हलकी केलीस?"

मी वहीत डोकं खुपसलं.

"कापडाचं वजन बोटांनी ओळखते मी, दीडशहाण्या. माझे सात दिवस वाया घालवलेस. होती तशी कर."

केली. तीन महिन्यांनी तिने शेवटचा राक्षस पाडला. शेवट पुस्तकाहून वेगळा होता, तो तिला मुळीच पटला नाही. पुटपुटतच ती टेबलापाशी गेली, माझ्या शर्टाचं कापड पसरलं आणि कात्री चालवली. कात्री मिटली. बाही जरा तिरकी कापली गेली. मी रडलो, ती हसली.

माझं परीक्षण तोवर केव्हाच छापून आलं होतं. दहापैकी पाच गुण, आणि जड तलवार हा मोठा दोष. कुणीतरी कुठल्यातरी टेबलाशी बसून तलवारीचे ते तीन आकडे ठरवले असतील. त्या माणसाला मी पेपरात नावं ठेवली, आणि त्याचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

शर्टाची दुसरी बाही ताईने काल कापली. सरळ आहे.